झाकणाची रिंग

बायको गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने मुलीचा डबा भरला होता. दुपारी मुलगी खराडीच्या ऑफिसातून थेट रुग्णालयात आली. डबा तिच्या बॅगेत होता. तो आम्ही चौथ्या दिवशी उघडला.

आत शेपूची भाजी होती. तिचं काय झालं होतं ते लिहीत नाही. मी डबा तीनदा घासला आणि पुढे रोज घासत राहिलो, कारण आमच्या घरात एक नियम होता: बाकी भांडी मावशींकडे, डबा मात्र घरच्या माणसाने धुवायचा. मावशी धायरीहून आमच्याकडे बारा वर्षं कामाला येतात, पण त्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. बायको म्हणायची, "डबा चार लोकांत उघडतो. तिथे परीक्षा माझी असते, मावशींची नाही."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. नियम पाळणं आणि वाचणं, ही दोनच कामं मला नीट येतात. स्वयंपाकही मी वाचूनच शिकलो. लोकांना वाटे, हा माणूस स्वतःला गुंतवून घेतोय. तसं काही नव्हतं. माझा स्वार्थ होता. घरापासून स्वारगेट, तिथून खराडी, असे मुलीचे जाऊन-येऊन रोज चार तास जात. ऑफिसजवळ खोली घ्यावी असं ती पूर्वी एकदा म्हणाली होती. तेव्हा आईने "आणि जेवणार काय?" एवढंच विचारून विषय संपवला होता. आता तो विषय पुन्हा निघू नये यासाठी माझ्याकडे डब्याशिवाय काही नव्हतं. ती गेली असती तर तीन खोल्यांत मी एकटा उरलो असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून डबा अर्धा भरलेला परत येऊ लागला. मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, कँटीनमध्ये हल्ली बरं मिळतं. तुम्ही कशाला पहाटे उठता?"

मी याचा अर्थ लावला. इतकी वर्षं ज्या डब्यात आईच्या हातचं असायचं त्यात आता माझ्या हातचं. झाकण उघडताना पोरीला भरून येत असणार. यावर मी वहीत दीड पान लिहिलं. शोक जिभेवर रेंगाळतो, असं एक वाक्य त्यात होतं आणि ते मला बरंच आवडलं होतं.

डब्याला थोडा वास आहे, हे मलाही जाणवत होतं. पण एवढ्या दुःखापुढे वासाचं काय, म्हणून मी त्याचा संबंध जोडला नाही. तरी आपलं कर्तव्य म्हणून सोडा लावला, लिंबू चोळलं, गच्चीत उन्हात ठेवला. रद्दीतल्या एका मासिकात सल्ला होता की वर्तमानपत्राचा बोळा आत घालून झाकण लावावं. मी अग्रलेखाचं पान घातलं. सकाळी अग्रलेखाला वास येत होता. डब्याचा गेला नव्हता.

महिना झाला असेल. मी सिंकपाशी डबा घासत होतो आणि मावशी मागे खोळंबल्या होत्या.

"काका, रिंग काढत न्हाई व्हय तुम्ही?"

"कुठली रिंग?"

त्यांनी पदराला हात पुसले, झाकण माझ्या हातातून घेतलं, कडेचं पांढरं रबर नखाने उचकटलं आणि ओढून बाहेर काढलं. ते निघतं हे मला माहीत नव्हतं. निवृत्त होईपर्यंत मी तसल्याच डब्यातून जेवत आलो होतो. खाचेत हिरवट-काळा थर होता.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"चार घरचे डबे धुते मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"डब्याकडं बघायचं न्हाई, असं काकूंनी सांगितलेलं हाय. काकू गेल्या, नियम कुठं गेलाय? तुम्हीच पाळताय की."

जुन्या टूथब्रशने त्यांनी खाच घासून काढली. तो थर कुठल्या दिवसाचा असेल हे माझ्या लक्षात आलं, तोवर तो पाण्याबरोबर गेला होता. त्यांना थांबवावं असं क्षणभर वाटलं होतं. पण थांबवून जपून काय ठेवणार होतो, हा प्रश्न होताच.

संध्याकाळी मुलगी आल्यावर मी ती रिंग तिच्यासमोर ठेवली.

"वास येत होता?"

"हो."

"फार?"

"माझ्याबरोबर जेवणारी पलीकडच्या टेबलावर जायला लागली होती."

"अगं, मग सांगायचं."

"तुम्ही एवढं उठून करत होता. कसं सांगणार?"

वहीतलं दीड पान मी तिला दाखवलं नाही. त्याऐवजी विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय?"

ती रिंग बोटाभोवती फिरवत राहिली. "खोली बघितलीय. ऑफिसातल्या दोघींबरोबर. पंधरा दिवस झाले. तुमचा डबा चालू होता, म्हणून बोलले नाही."

म्हणजे ज्या डब्याने ती थांबेल असं मी समजत होतो, त्याने फक्त तिचं बोलणं थांबवलं होतं.

"डब्याची अडचण नको," मी म्हणालो. "तो आता स्वच्छ आहे."

ती हसली. मग रडली. मग आम्ही तिच्या आईबद्दल बोललो, त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

पुढच्या रविवारी ती खराडीला राहायला गेली. शनिवारी येते, सोमवारी सकाळी डबा घेऊन जाते. बाकीचे दिवस मी एका माणसाचा स्वयंपाक करतो.