कारण : मुलीचे लग्न

चार भिलाईवाले एकत्र बसले की किस्से आठवावे लागत नाहीत, आवरावे लागतात. त्यात आम्ही पोलाद कारखान्याच्या, रुआबांध्याजवळच्या एकाच ओळीतल्या क्वार्टरवाले. एका घरी कुकरची शिट्टी झाली की चौथ्या घरी गॅस बारीक करायचे! अशा ओळीत टाइम ऑफिसातल्या क्लार्कच्या मुलीनं, म्हणजे मी, एके दिवशी जाहीर केलं की मला समुपदेशनात एम.ए. करायचंय, तेही बडोद्याला जाऊन. छत्तीसगड व्हायच्या आधीची, आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हाची गोष्ट. किस्से साठणारच होते.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हंजे का करतेत त्यात?"

"लोकांचं बोलणं नीट ऐकून घेतात. मग त्यांचा त्यांना मार्ग सापडतो."

शेजारच्या उमाठे काकू वाटीभर साखर न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थे तं मी रोजच करून राहिली. फुकट!"

"पण काकू, तुम्ही ऐकता आणि मग ओळभर सांगता. तिथे सांगायचं नसतं!"

काकू साखर घेऊन गेल्या आणि आठ दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. बाबा आईला म्हणाले, "कोर्स कामाचा दिसून राहिला."

* * *

ओळीतल्या मराठी घरांचे सगळे फॉर्म वैरागडे काका भरत. रेशन कार्डापासून पेन्शनपर्यंत. अक्षर मोत्यासारखं आणि भरवसा त्याहून जास्त. फॉर्म दुसऱ्या कुणी भरला तर त्यांना राग यायचा.

बडोद्याचा फॉर्म आला तसा तो त्यांनी ताब्यात घेतला. तासाभरानं परत दिला. 'छंद' या रकान्यात लिहिलेलं : विणकाम, भरतकाम.

"काका, मला सुईत दोरा ओवता येत नाही!"

"असू दे ना पोरी. पोरींच्या फॉर्मात मी हेच लिहितो. आजपर्यंत कोणाचा वापस नाई आला."

मी ते खोडलं आणि 'वादविवाद' लिहिलं. काका दोन दिवस रुसले होते.

* * *

मग मार्कशीटच्या नकलांवर सरकारी अधिकाऱ्याची सही हवी. दुर्गला एका साहेबांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"मनोविज्ञान? घर में कोई बीमार है क्या?"

"अभी तक तो नहीं, सर. सही के लिए तीसरा चक्कर है, अब हो जाएगा!"

साहेबांनी सहाच्या सहा नकलांवर तिथेच सही केली. चहाचंही विचारलं.

* * *

कॉलेजच्या सरांकडून शिफारसपत्र आणायचं होतं. सरांनी प्रेमानं लिहिलं : सुशील, शांत, आज्ञाधारक.

मी म्हटलं, "सर, 'आज्ञाधारक' काढा. एक तर ते खरं नाही, आणि तिथे त्याचा उपयोगही नाही."

सर चिडले. त्या तिरीमिरीत तो शब्द खोडून त्यांनी वर 'अत्यंत हट्टी' लिहिलं आणि पाकीट माझ्या हातात आपटलं. मी ते तसंच पाठवलं.

बडोद्याला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला. मी खरं ते सांगितलं. बाई शेजारच्यांना म्हणाल्या, "ही मध्येच सोडून जायची नाही." प्रवेश मिळाला! आता फी भरायची होती, नाही तर जागा जाणार होती.

* * *

नागपूरचा एक ट्रस्ट आपल्या समाजातल्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती द्यायचा. टेबलापलीकडे पाच जण बसलेले. मधले म्हणाले, "उद्या लग्न झाल्यावर या शिक्षणाचं काय होणार?"

"मघाशी तो इंजिनीअरिंगचा मुलगा आत आला होता. त्याला हे विचारलंत का?"

शिष्यवृत्ती गेली! वर त्यातल्याच एकानं पुढच्या आठवड्यात आपल्या पुतण्याचं स्थळ पाठवलं. चिठ्ठीत लिहिलेलं, लग्नानंतर मुलीला शिकू देऊ.

आईनं चिठ्ठी दोनदा वाचली. आई फार बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "शिकू 'देऊ' म्हणे! त्याले कोणं इचारलं?"

चिठ्ठी तिनं चुलीत घातली असती, पण आमच्याकडे गॅस होता. मग तिनं त्या चिठ्ठीवर वांगी चिरली.

* * *

हा किस्सा मी हसत सांगत नाही.

उमाठे काकांच्या डोळ्यांदेखत प्लांटातल्या अपघातात त्यांचा कामावरचा जोडीदार गेला होता. तेव्हापासून काका सुटीच्या दिवशीही सकाळी उठून बूट घालायचे, डोक्यावर हेल्मेट चढवायचे आणि दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहायचे. सगळ्या ओळीला माहीत होतं. एवढ्या बोलक्या ओळीत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मला त्याची लाज वाटायची आणि रागही यायचा.

एका दुपारी काकू मागच्या दारानं आल्या. या वेळी हातात वाटी नव्हती. दीड तास बोलल्या, रडल्या, परत बोलल्या. मी नुसती समोर बसून होते.

जाताना पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तू तं काईच बोलली नाई, शैला."

"मला अजून येत नाही, काकू. तेच शिकायला जायचंय."

काकू दारात थांबल्या. मग आत वळून बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, हिले पाठवाच!"

* * *

बाबांनी त्याच दिवशी ठरवलं, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचे. अर्ज अर्थातच वैरागडे काकांनी भरला. मोत्यासारखं अक्षर, बाबांच्या ऑफिसातल्या साहेबांची सही, सगळं चोख. आणि कारणाच्या रकान्यात : मुलीचे लग्न!

काकांचं तरी काय चुकलं? ओळीतल्या डझनभर मुलींचे फंडाचे अर्ज त्यांनीच भरले होते. दुसरं कारण त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. बाबांनीही न वाचता दिला. कळलं तेव्हा सही करणारे साहेब महिन्याभराच्या रजेवर गेले होते, म्हणजे नवा अर्ज करता येणार नव्हता, आणि फीची तारीख आठ दिवसांवर आली होती.

फंडाच्या खिडकीवर साहू बाबू बसायचे. नियमाला पक्के, बोलायला कोरडे. बाबांना म्हणाले, "मोहितकरजी, शादी का कार्ड लगेगा. बिना कार्ड के फाइल आगे नहीं जाएगी."

वैरागडे काका रडायला आले होते. बाबा सरळ छापखान्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी पत्रिका घेऊन आले. वर गणपती, कडेनं हळदीकुंकवाची बोटं. आत :

'आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. शैला ही समुपदेशनाच्या उच्च शिक्षणासाठी बडोद्यास प्रस्थान करीत आहे. मुहूर्त, गाडी येईल तो. स्थळ, दुर्ग स्टेशन. आहेर अवश्य आणावा.'

मी म्हटलं, "बाबा, हे चालणार नाही हो."

"थे म्हणाले कार्ड पायजे. हे कार्ड हाये."

आम्ही दोघं खिडकीवर गेलो. मागे लांब रांग होती. साहू बाबूंनी पत्रिका वाचली, उलटून पाहिली, परत वाचली.

"मोहितकरजी, इसमें दूल्हे का नाम किधर है?"

"नहीं है," बाबा म्हणाले.

"नहीं है मतलब?"

"लड़की का है. बड़े अक्षर में है."

रांगेतलं कुणीतरी हसलं. साहू बाबू हसले नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"नियम में लिखा है, कार्ड लगेगा," ते म्हणाले. "दूल्हा लगेगा, ऐसा नहीं लिखा."

त्यांनी पत्रिकेला टाचणी लावली, शिक्का मारला आणि फाईल पुढच्या टेबलावर सरकवली. मग हात पुढे केला.

"एक कार्ड और दीजिए."

बाबा गोंधळले. "फाइल में दो लगते हैं क्या?"

"फाइल में एक ही लगता है," साहू बाबू म्हणाले. "मेरे घर में दो लड़कियाँ हैं."