बारशाच्या सकाळचा रेडिएटर

माझ्या मुलीच्या बारशाला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होतो. फक्त पाळण्यापाशी नव्हतो.

त्याचं असं झालं. आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या घरात बैठकीची खोली तापवणारा रेडिएटर खालून गरम आणि वरून गार असायचा. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या सासूबाई स्वेटरवर शाल घेऊन त्याला पाठ लावून बसायच्या आणि म्हणायच्या, "समीरराव, ही तुमची शेगडी आजारी आहे."

"प्लंबरला बोलाव," माझी बायको मृणाल म्हणाली.

"अगं, नुसती हवा अडकलीये. वरचा छोटा स्क्रू किल्लीने सैल करायचा, हवा सोडायची, परत बंद. व्हिडिओत एक आजोबा चहा पिता पिता करत होते."

"बारसं झाल्यावर कर."

पण पाहुण्यांना गार खोलीत बसवणं मला पटेना. शिवाय त्या दिवशी घरात माझी पत जरा वाढायला हवी होती. मुलीच्या नावावरून आमचं जुंपलं होतं. मला आजीचं नाव ठेवायचं होतं, मंदाकिनी. मृणालला हवं होतं तारा. (मंदाकिनी म्हणता म्हणता इथल्या बाईंची हजेरी मधल्या सुट्टीपर्यंत चालेल, असं तिचं म्हणणं.) शेवटी ते आत्यावर सोपवलं. आत्या म्हणजे माझी सख्खी बहीण केतकी, त्यामुळे मी निवांत होतो.

सगळे स्वयंपाकघरात घुगऱ्यांच्या मागे असताना मी रेडिएटरचं पाणी तापवणारा बॉयलर बंद केला आणि किल्ली फिरवली. सूं करून हवा सुटली. मला एकदम डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. मग हवा संपून पाण्याचे थेंब आले. इथे किल्ली उलटी फिरवायची असते. मी मात्र उरलीसुरली हवाही जाऊ दे म्हणून तशीच पुढे फिरवली. अख्खा स्क्रू निघून सोफ्याखाली गेला आणि काळ्याकुट्ट पाण्याची धार समोरच्या पांढऱ्या भिंतीवर बसली. मी भोकावर अंगठा दाबला.

आवाज ऐकून मृणाल आली. "हे काळं काय आहे?"

"पाणी. आतल्या आत फिरून गंजलं असणार."

"मग बंद कर ना."

"केलंय. अंगठ्याने."

तिने खालचा आकड्यांचा व्हॉल्व्ह शून्यावर आणला. तरी पाणी थांबेना, कारण दुसऱ्या टोकाच्या व्हॉल्व्हला पाना लागतो आणि पाना मी कुणाला तरी उसना दिला होता. कुणाला, ते आठवेपर्यंत बेल वाजली.

मंडळी येत गेली. मी भिंतीकडे तोंड करून, नव्या झब्ब्यात, मान वळवून प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होतो. शेजारच्या नोरीनबाई बाळासाठी विणलेली टोपी घेऊन आल्या. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि मृणालला हळूच विचारलं, "युअर मॅन तिथेच बसणार का? की बापाने रेडिएटर धरायची पद्धत असते तुमच्यात?"

"असते," मृणाल शांतपणे म्हणाली.

"ग्रँड," म्हणून नोरीनबाईंनी माझा आदराने फोटो काढला.

एवढ्यात जवळच्या ड्रोहेडा गावाहून केतकी आली. आल्या आल्या पोटभर हसली, मग साडी सावरत गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घातला.

"सापडला रे दादा."

"दे लवकर. अंगठा बधिर झालाय."

"देते. आधी नावाचं बोलू."

"केतकी, तू माझी बहीण आहेस."

"म्हणून तर विचारतेय. मला ड्यूटीवर सगळ्यांना भाचीचं नाव मंदाकिनी म्हणायला शिकवत बसायला लावू नकोस. तारा चालेल?"

मी मदतीसाठी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शाल आवरत म्हणाल्या, "हाक मारायला बरं आहे हो." माझ्या शेजारीच एक काकू मोरपंखी पैठणी नेसून बसल्या होत्या. अंगठ्याच्या कडेने एक काळा थेंब त्यांच्या पदराच्या दिशेने निघाला.

"चालेल," मी म्हणालो.

पण स्क्रू लगेच मिळाला नाही. केतकीने आधी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले (मला फार घालायचा होता, पण हात मोकळा नव्हता) आणि मगच तिने येऊन किल्लीने स्क्रू घट्ट बसवला. पाणी गेल्यामुळे बॉयलरच्या दाबाचा काटा खाली आला होता, म्हणून तो पेटेना. पाहुण्यांनी कोट घालून घुगऱ्या खाल्ल्या.

पुढे प्लंबर आला. त्याने सगळं पाणी काढलं, नवं भरलं, गंज धरू नये म्हणून त्यात औषध घातलं, आणि रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापला.

मला मात्र लोक अजून विचारतात, तारा हे नाव कुणी ठेवलं? मी सांगतो, सर्वानुमते ठरलं. दोन डिग्र्या असलेला माणूस मी, पण पोटच्या मुलीच्या नावाला संमती दिली ती काळा अंगठा उठवूनच.