मदरबोर्ड आणि आभाराचं पत्र

संगणकाचं खोकं उघडलं तेव्हा आत सगळ्यात आधी दिसला तो खर्रा. सुपारीचे बारीक तुकडे आणि तंबाखू, चुन्यात मळलेलं, मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात चिकटून वाळलेलं. शेजारी पिवळट-तांबूस शिंतोडे. कुणाच्या तरी तोंडातून ते तिथं पडलं होतं. आम्ही टेबलावर नवी चादर अंथरली होती. बॅटरी धरून उभ्या असलेल्या बायकोनं नाकाला पदर लावला. 

मग तिनं खाचा मोजल्या. पाच होत्या. मी आठ खाचांचा बोर्ड निवडला होता.

आम्ही तेव्हा गडचिरोलीत राहत होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, बायको घरी मराठी टायपिंग करायची. कोर्टाचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांची इतिवृत्तं. स्टेन्सिलवर एक अक्षर चुकलं की लाल औषध लावायचं, फुंकर घालून वाळवायचं, वरून पुन्हा ठोकायचं. साहेबानं एक परिच्छेद बदलला की सगळं पान नव्यानं. तिचा उजवा खांदा असा धरला होता की वेणी घालायला हात वर जात नव्हता. डॉक्टरांनी टायपिंग सोडायला सांगितलं. ते तिला सोडायचं नव्हतं. घरात बसून स्वतःचं म्हणावं असं तिचं तेवढंच काम होतं.

संगणकावर चुकलेला तेवढाच शब्द बदलता येतो, हे मी वाचलं होतं. पण तो इंग्रजीत चालायचा. मराठी अक्षरं उमटवणारं एक कार्ड निघालं होतं. ते लगेच घेणं आम्हाला जमणार नव्हतं. म्हणून आधी असा संगणक घ्यायचा, ज्यात ते पुढं बसवता येईल, असं आमचं ठरलं.

सहा महिने मी मागून आणलेल्या मासिकांतून हेच शिकत होतो. मदरबोर्ड हा संगणकाचा पाया. त्यावर लांबट खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात, आणि नवं कार्ड त्या खाचेत उभं बसतं. साध्या बोर्डावर खाचा कमी, आणि मेमरीच्या चिपा डाग देऊन कायमच्या पक्क्या केलेल्या. मला आठ खाचा हव्या होत्या, आणि चिपांसाठी रिकामे सॉकेट, म्हणजे मेमरी वाढवता येईल. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा मोठा, कारण पुढं हार्ड डिस्क घ्यायची होती. तूर्त दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि हिरव्या अक्षरांचा पडदा पुरे होता. मराठी कार्ड मात्र फार लांब होतं. पाच खाचांच्या बोर्डावर ज्या खाचा मोकळ्या राहत, त्यांच्या पुढ्यात फ्लॉपी ड्राइव्ह आडवा येई. बायकोनं माहितीपत्रकातलं माप घेऊन त्या कार्डाएवढा पुठ्ठा कापला. तो पुठ्ठा पिशवीत घालून मी नागपूरला गेलो. दुकानात मांडलेल्या आठ खाचांच्या बोर्डावर ठेवून पाहिला. बरोबर बसला. हाच द्या, म्हणालो.

दुकानदारानं मला हाताची खुर्ची दिली. ‘सर’ म्हणाला. कपबशीत चहा मागवला आणि समोर बसून माझ्याबरोबर प्यायला.

इथं थोडं सांगायला हवं. माझे वडील दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, रोवणी करत. गावच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा, बाहेर खिळ्याला टांगलेला असे, आणि प्यायल्यावर तो त्यांनीच धुवायचा. मी शिकलो, नोकरीला लागलो, तरी अनोळखी माणसानं बरोबरीनं चहा पाजला की माझं मन भरून येई. तेवढ्यात आतून चिकटपट्टी मारलेलं खोकं आलं. उघडून पाहावं असं मनात आलं होतं. पण ज्याचा चहा घेतला त्याच्यासमोर त्याचं खोकं कसं उघडायचं? ते त्याला चोर म्हटल्यासारखं झालं असतं. खोकं एसटीच्या टपावर चढवलं आणि मी घरी आलो.

यावर कडी म्हणजे त्याच दिवशी मी त्याला पत्र लिहिलं. वसतिगृहात आमच्या अधीक्षकांनी शिकवलं होतं की उपकार झाला त्याच दिवशी आभाराचं पत्र टाकावं. ते मी आयुष्यभर पाळलं. ‘आपण दिलेला संगणक उत्तम असून आपल्या आपुलकीबद्दल मी ऋणी आहे,’ असं सुवाच्य अक्षरात लिहून पेटीत टाकलं. खोकं उघडलं चार दिवसांनी, स्टॅबिलायझर आल्यावर.

पुढच्या रविवारी खोकं घेऊन दोघंही नागपूरला गेलो. दुकानदार तितकाच गोड बोलला. चहा सांगितला. बोर्ड पाचच खाचांचा निघाल्याचं मी सांगितल्यावर त्यानं टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. काचेखाली माझं पत्र होतं. आलेल्या गिऱ्हाइकांना वाचता यावं असं, अक्षरं त्यांच्याकडे करून ठेवलेलं.

“सरांनीच तर लिहून दिलं ना बाई, उत्तम म्हणून. आता मी काय बोलू?”

 माझीच सही, माझंच अक्षर. खोटं लिहिलं म्हणावं तर मी खोटारडा, खरं लिहिलं म्हणावं तर तिचा खांदा गेला. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसून ऐकत होती. त्या पत्राची आणि ते लिहिणाऱ्याची मला इतकी किळस आली की मान वर होईना.

बायकोनं काच थोडी उचलून पत्र ओढून घेतलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

“हे पत्र चायचं आहे, भाऊ, मालाचं नाई. तवा त्याईनं खोकं खोललंच नोयतं.” मग माझ्याकडे वळून, “अजी, याच्याच खाली लिवा. आतमंदी जे दिसलं ते लिवा. मंग ठेवा म्हणा काचेखाली.”

मी पेन काढलं. ‘खोके उघडल्यावर मदरबोर्डवर चघळलेला खर्रा आढळला,’ एवढं लिहून झालं. बाकावरचा एक जण वाचायला पुढं वाकला, तशी दुकानदारानं कागदावर पंजा ठेवला. “राहू द्या सर, घरचीच गोष्ट आहे,” म्हणाला आणि आत हाक मारली.

बोर्ड घेऊन जो कारागीर बाहेर आला, त्याचा गाल फुगलेला होता. तोंड वर करून, ओठ मिटूनच तो हुं हुं करत होता. बायकोनं त्याला आधी थुंकून, हात धुऊन यायला लावलं. मग पिशवीतून पुठ्ठा काढला, खाचा मोजल्या, दोन्ही टोकं तपासली. संगणकाच्या पेटीत बोर्ड बसवल्यावर पुठ्ठा पुन्हा उभा करून पाहिला. मला जे पहिल्याच दिवशी एकट्याला दहा मिनिटांत करता आलं असतं, ते ती तासभर, सगळ्यांदेखत, न लाजता करत होती. दीड वर्षानं खरं कार्ड आणि प्रिंटर आला. कार्ड त्याच खाचेत बसलं. पहिल्या दिवशी तिनं एका अर्जातला एकच शब्द बदलला आणि पान छापून माझ्यापुढं धरलं.

पण त्या रविवारी निघताना मी टेबलाकडे पाहिलं. तिचा कप भरलेलाच होता, वर साय धरून सुरकुतली होती. माझा रिकामा होता. कधी प्यालो ते माझं मलाच कळलं नव्हतं. त्याच्या हातचा, ते सगळं चालू असताना, शेवटच्या थेंबापर्यंत.

एसटीनं उमरेड मागं टाकलं, तशी ती माझ्याकडे वळली. खोकं या वेळी तिच्या मांडीवर होतं.

“तुमी चाय काऊन पेली?”

“त्यानं दिली म्हणून,” मी म्हणालो. तोंडात अजून त्या चहाची गोडी होती. खिडकीतून थुंकलो, तरी गेली नाही.