भाजलेलं बी

आमच्या वडिलांचा सरकारवर काडीचा विश्वास नाही, आणि तो गुण मीही जसाच्या तसा उचललाय. फुकट काही मिळालं की आमच्या घरात पहिला प्रश्न एकच, पाणी कुठं मुरतंय?

कंधारच्या पलीकडं डोंगरउतारावर आमचं गाव. सगळ्यांनी ज्वारी सोडून सोयाबीन धरलं, तसा कडबाही गेला. हिवाळ्यात आमच्या दोन गायी आणि बैलजोडी जगायची ती वरच्या गायरानावर. ते गेलं तर जनावरं विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एका उन्हाळ्यात पंचायत समितीचे साहेब आले. गायरानात सुधारित गवत पेरू म्हणाले. बी सरकारचं, हिवाळाभर वैरण तुमची. बियाण्याची पोती त्यांनी आमच्याच ओसरीवर उतरवली. साहेबांची गाडी वळली तसे वडील पोत्यांभोवती फिरायला लागले.

"आज बी त्यायचं, उद्या गवत त्यायचं, परवा जमीन त्यायची," ते म्हणाले.

शेजारच्या गावात गायरानात अशीच झाडं लावली आणि मग जनावरांना मज्जाव झाला, हे खरंच होतं. पण तोंडावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. मग गावातल्या चार जाणत्यांनी बसून तोड काढली आणि वडिलांनी आईला चुलीवर मोठी कढई ठेवायला लावली. सगळं बी भाजून काढायचं ठरलं होतं.

"जनावराच्या तोंडचं हाय ते. भाजू न्हाई," आई कुरकुरली.

"तू हलीव. करपलं तर साहेबाला कळंल."

मला ती युक्ती लई नामी वाटली. हसू आवरत नव्हतं.

पावसाळ्यात साहेबांसमोर सगळ्या गावानं वाकून वाकून ते बी पेरलं. फोटो निघाले. पुढं उगवलं ते आपलं नेहमीचं कुसळीगवत. साहेब येऊन बघून गेले, आणि वडील त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढच्या हिवाळ्यात गायरानाला तारेचं कुंपण पडायला लागलं. आत सौर विजेच्या पाट्या बसणार होत्या. आम्ही जनावरं घेऊन गेलो, तर साहेब नवेच होते.

"हे चराईचं रान हाय," वडील तावातावानं म्हणाले.

"काका, इथं चारा होत नाही. सरकारनं बी देऊन पाहिलं, काही उगवलं नाही. म्हणून तर हे पडीक धरलंय."

मला साहेबाचा राग आला, त्याहून जास्त वडिलांचा आला. सांगा ना, म्हणून मी त्यांना ढोसलं.

"साहेब, ते बी आम्ही भाजून पेरलं होतं," ते कसंबसं बोलले.

साहेब हसले. "कुंपण थांबावं म्हणून लोक काहीही सांगतात," ते शेजारच्या माणसाला म्हणाले, आणि पुढचा खांब कुठं रोवायचा ते दाखवायला लागले.

वडिलांनी बैल माघारी वळवले. मग बैलांचे कासरे माझ्या हातात देत म्हणाले, "सोमवारी बाजार हाय. ह्या बैलायला धुऊन काढ."