काढता येणारं कुंकू

जुने फोटो दुरुस्त करायला शिकायचं म्हणून मी अकोल्याहून बाहेर पडले, तेव्हा काकांनी बाबांना विचारलं होतं, फोटो पुसायलाही कॉलेज लागतं का. लागतं. पहिलं वर्षभर तर कोणी मला खऱ्या फोटोला हातसुद्धा लावू दिला नाही. रद्दीतले फोटो फाडायचे, पातळ कागद आणि खळ लावून जोडायचे, मग जोडलेलं पुन्हा सोडवून दाखवायचं. सोडवता येणार नसेल तर जोडायचंच नाही, असं सर बजावायचे. शिक्षण संपताना तेच म्हणाले, वऱ्हाडात परत जाऊन काय करशील, तिथे कोण येणार तुझ्याकडे. त्याच दिवशी मी ठरवलं, अमरावतीतच बसायचं.

राजापेठेत वरच्या मजल्यावर खोली घेतली. खाली फोटोचं दुकान आहे. तिथे जुना फोटो तासाभरात नवा आणि गोरा होऊन मिळतो. माझ्याकडे महिना लागतो आणि माणूस होता तसाच परत मिळतो. लोक हसतात. हसू देत.

मागच्या वर्षी तेल्हाऱ्याहून एक भाऊ-बहीण आले, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. पिशवीत त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो होता. एक कोपरा फाटलेला, काच कधीच फुटून गेलेली, दर दिवाळीला ओल्या फडक्याने पुसून पुसून साडीचे काठ उडालेले. आणि कपाळावर, थेट फोटोवरच, कुंकवाचा जाड ठिपका. वर्षानुवर्षं एकाच जागी बोट टेकलेलं दिसत होतं.

भावाचं म्हणणं सरळ होतं. नवं घर बांधलंय, मुलाचा साखरपुडा आहे, फोटो हॉलमध्ये लावायचाय. आई तरुणपणीच विधवा झाली होती. विधवेच्या फोटोला हार घालतात, कुंकू लावत नाहीत. ते तेवढं काढून द्यायचं.

"पाहुने काय म्हनतीन, म्याडम?" तो म्हणाला.

मी कापसाच्या बारीक बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन ठिपक्याच्या अगदी कडेला टेकवलं. बोळा लाल झाला. रंग सुटत होता. दोन-तीन दिवस हळूहळू बसले असते, तर कपाळ स्वच्छ झालं असतं. मला शिकवलंही तेच होतं, की फोटोवर बाहेरून आलेलं जे काही असेल ते त्याला इजा न करता काढायचं.

लाल बोळा बघून बहिणीने खुर्ची पुढे ओढली.

"मीनं लावलं थे," ती म्हणाली. "जित्ती व्हती तवा कोनं लावू देल्लं नाई. हळदीकुंकवाले मागच्या खोलीत बसवत. मेल्यावर मी दरसाल लावतो."

भावाने लाल बोळ्याकडे बोट दाखवलं. मग त्याने मला विचारलं, निघते का नाही तेवढं सांगा. खोटं बोलून मोकळं होता आलं असतं. निघत नाही म्हटलं असतं तर कोणाचंच बिघडलं नसतं. पण माझी आत्याही अशीच मागच्या खोलीत बसायची, आणि मला भयंकर राग आला होता. त्या रागाला खोटं बोलायला लावणं मला पटेना.

"निघते," मी म्हटलं. "पन मी काढत नाई."

तो म्हणाला, पैसे देणारा मी आहे. मी म्हटलं, मग फोटो घेऊन जा, खाली कॉम्प्युटरवर कपाळ साफ करून मिळेल. तो खरंच मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढून खाली गेला आणि हॉलसाठी नवा करून घेतला. मूळ फोटो मात्र बहिणीने त्याला नेऊ दिला नाही. तो दुरुस्त करायला तिने माझ्याकडेच ठेवला.

मी कोपरा जोडला, धूळ काढली, कुंकवाला हात लावला नाही. फोटोला टेकणार नाही अशी काच बसवली आणि फ्रेम मागून पक्की बंद केली. महिन्याने ती एकटीच एसटीने आली. मी समजावलं, यापुढे लावायचं तर काचेवर लावा, आतलं आहे तसंच राहील.

तिने फ्रेम मांडीवर घेतली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आईच्या कपाळावर काचेवरून जोर देऊन घासलं, एकदा, दोनदा. कुंकू जागेवर होतं.

"आता पुसा म्हना," ती म्हणाली, "कोनाले पुसाचं हाये तं."