डोलीचे पैसे

तिला सगळी गल्ली टाचणी म्हणायची. दिवसभर ओठांत चार-पाच टाचण्या धरून ती काम करायची, त्यामुळे गिऱ्हाइकाला उत्तर मिळायचं ते दातांतून, आणि बहुतेक वेळा ते "नाही" असंच असायचं. आज देता का? नाही. जरा कमी करा की. नाही. पडदे, गाद्यांच्या खोळी, सोफ्याची कव्हरं हे तिचं काम. अंगावरचे कपडे ती शिवायची नाही. माणसाचं माप बदलतं, खिडकीचं बदलत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि खिडकीपाशी आईची खुर्ची. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अंगाने काडी, जिभेने कात्री. तिच्याकडे काम होतं उसवायचं. जुने पडदे लहान करायला आले की आई अर्ध्या ब्लेडने शिवण अशी सोडवायची की कापडाला पत्ता लागायचा नाही. आणि टाचणीचा नवरा रंगारी. लोकांच्या भिंती रंगवून घरी यायचा, स्वतःच्या घराच्या भिंतीकडे मात्र बघायचा नाही. सासू आणि जावई यांचं चांगलं मेतकूट जमलं होतं, कारण दोघांचा शत्रू एकच.

आता कपाटाबद्दल सांगायला हवं. कपाटाच्या आत खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला उरलेल्या कापडाची एक पिशवी. निळी बसभाड्याची. चौकड्याची मुक्कामाची. पट्ट्यापट्ट्यांची जेवणाखाणाची. एक औषधांची, एक गरम कपड्यांची. आणि सोफ्याच्या जाड कापडाची, सगळ्यांत मोठी, ती डोलीची. दूरच्या डोंगरावर एक देवस्थान होतं. मोटारीचा रस्ता पायथ्याशी संपायचा, पुढे दोन दिवसांची पायवाट. ज्यांना चढवत नाही त्यांना चार माणसं खांद्यावरच्या खुर्चीतून वर नेत, तीच डोली. आईला तिथे न्यायचं, हे टाचणीने फार पूर्वी ठरवलेलं होतं.

ती नऊ वर्षांची असताना मायलेकी एकदा निघाल्या होत्या. पायथ्यापर्यंत पोचल्या. आईने त्या वाटेकडे बराच वेळ पाहिलं, मग पदराची गाठ चाचपली आणि म्हणाली, "पैसे पुरायचे नाहीत, पोरी. पुढच्या वेळी." परतीच्या बसमध्ये आई सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली होती. नऊ वर्षांच्या पोरीने त्याच बसमध्ये ठरवून टाकलं की पुन्हा कधी पैसे कमी पडू द्यायचे नाहीत.

पडले नाहीतच. उलट झालं. पडदा शिवताना टाचणी खालच्या दुमडीत वीतभर कापड जादा ठेवायची, कारण धुतल्यावर कापड आटतं. पैसाही आटतो, म्हणून प्रत्येक पिशवीतही ती तशीच दुमड ठेवायची. पिशवी भरली की तिचं तोंड मशीनवर दुहेरी शिलाई मारून बंद. मग ती उघडायची नाही, मोजायचीही नाही. दर वर्षी यात्रा सुरू झाली की ती बसच्या एजंटला नवे दर विचारून यायची. दर वाढलेले असायचेच. मग वाढीव पैशांसाठी नवी पिशवी, तिच्यात पुन्हा वीतभर जादा. अडीअडचणीसाठी एक पिशवी होती. आणि ती पिशवी अडचणीत आली तर, म्हणून तिच्या पाठीशी आणखी एक.

"खिळे संपले," नवरा म्हणायचा. "आता माझ्या कानाला अडकव."

त्या हिवाळ्यात आईला खोकला लागला आणि तो काही केल्या जाईना. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, आणि स्पष्ट सांगितलं, "आता बरं आहे. वर जायचं असेल तर यंदाच जा. पुढच्या वर्षी मला विचारायला आलात तर मी नाही म्हणेन." वाट उन्हाळ्यातले थोडेच महिने उघडी असायची, नंतर बर्फ.

टाचणी एजंटकडे धावली आणि पडलेल्या तोंडाने परत आली. डोलीचा दर पुन्हा वाढला होता.

"आई, थोडं थांब," ती म्हणाली. "डोलीचं अजून व्हायचंय. मोसम संपायच्या आत एक पिशवी भरते की नाही बघ."

"मी थांबेन गं," आई म्हणाली. "माझी छाती थांबणार आहे का? तू बस पिशव्या शिवत. मी आपली एक दिवस परस्पर वर जाईन, बिनपैशाची."

टाचणीने मशीन सुरू केलं, पण त्या दिवशी तिची सुई दोनदा मोडली.

दुसऱ्या दिवशी ती एका हॉटेलचे पडदे पोचवायला गेली. परत येऊन पाहते तर कपाट सताड उघडं, आई जमिनीवर, मांडीवर धाग्यांचा ढीग आणि हातात अर्धं ब्लेड. भोवती सगळ्या पिशव्या तोंडं वासून पडलेल्या. नवरा रंगाने माखलेल्या पँटीतच नोटा लावत बसलेला.

टाचणीच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी शब्द दातांतूनच आले. "काय केलंत हे?"

"उसवलं," आई म्हणाली. "तेच काम दिलंयस ना मला?"

"ओरडायचं तर ओरड," नवरा म्हणाला, "पण आधी खाली बस. हे बघ, दोघींचं जायचं-यायचं बसभाडं. आजच्या दराने. आणि हे त्याच पिशवीतलं उरलेलं. हा मुक्काम, हे त्यातलं उरलेलं. ही डोली, वाढीव दराने. आणि हे..." त्याने हात फिरवून दाखवला. उरलेल्याचा ढीग सगळ्यांत उंच होता.

टाचणीने त्याचा हात बाजूला सारला आणि स्वतः मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिला उमगलं ते असं, की पैसे यंदा पुरत होते, गेल्या वर्षीही पुरत होते, त्याच्या आदल्या वर्षीही, आणि तेव्हा तर आईला खोकलाही नव्हता. ती भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडायला लागली. आईच्या अंगात जोर होता ती वर्षं आपण शिवून टाकली, असं तिला वाटलं, आणि ते तिला सोसवेना.

"रडू नकोस," आई म्हणाली. "रडण्याची पिशवी केली होतीस का? नाही ना? मग तो खर्च बजेटात नाही."

"एक विचारू?" नवरा म्हणाला. "या सगळ्यांत माझी पिशवी कोणती?"

टाचणीने डोळे पुसले. "तुमची... तुम्ही घर सांभाळणार होतात."

"घराला काय धाड भरलीय?" सासू आणि जावई एका सुरात म्हणाले.

उरलेल्या ढिगातून तिसरं तिकीट निघालं, आणि तरी ढीग काही खचला नाही.

पायथ्याला ते सकाळी उतरले. डोलीचे पैसे आगाऊ भरावे लागत. टाचणीने ते ताठ मानेने भरले, पावती घडी करून ठेवली आणि ती वळली. आई डोलीशेजारी उभी होती, पण बसत नव्हती. ती वाटेकडे बघत होती. कड्यात कोरून काढलेली वाट, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी नाही बसायची यात," ती म्हणाली. "दरीवर लटकत? छे!"

"आई, अगं, पैसे भरलेत!"

"तेव्हाही होते," आई म्हणाली.

"काय होते?"

"पैसे. तेव्हाही पुरत होते. मी घाबरले होते गं. ही वाट बघितली आणि पाऊलच पुढे टाकवेना. नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगणार होते, तुझी आई भित्री आहे म्हणून? पैशावर ढकललं. पैसा बिचारा काही बोलत नाही."

"अख्खा जन्म मी पैसे साठवतेय, आई!"

"मग वाईट काय झालं? नाहीतर उधळले असतेस."

एक क्षण टाचणीला रागाने काही दिसेना. मग तिच्या आतून कुठून तरी हसू फुटलं, आणि ती पोट धरून हसायला लागली. आईही हसली, खोकली, पुन्हा हसली. डोलीवाले एकमेकांकडे बघायला लागले.

"चालत येशील?" टाचणीने विचारलं. "डोंगराच्या बाजूने. हळूहळू. माझ्या मागे. पाहिजे तितके दिवस लागू देत."

"खाली दिसलं तर?"

"खाली बघायचंच नाही. माझ्या कोटाची शिवण बघायची. अंगावरचं मी कधी शिवत नाही, तरी हा कोट घाईत शिवलाय. चुका काढ."

आईचे डोळे जरा चमकले. चुका काढायचं म्हटलं की ती नरकातही चालत गेली असती.

"आणि डोलीचं काय?" डोलीवाल्यांच्या म्होरक्याने विचारलं. "पैसे परत मिळत नाहीत."

टाचणीने नवऱ्याकडे पाहिलं. भरलेले पैसे वाया जाणं तिच्या रक्तात नव्हतं. "तुम्ही बसा."

"मी? अगं, मी धडधाकट माणूस! लोक काय म्हणतील?"

"बसा म्हटलं ना."

अशी ती वरात निघाली. पुढे चौघांच्या खांद्यावर लांब टांगांचा रंगारी, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून, डोळे मिटलेले. शिडीवर जन्म काढलेल्या या माणसाला डोलीत मात्र भोवळ येत होती. डोलीवाले त्याच्या वजनाच्या नावाने बोटं मोडत होते. मागे टाचणी, आणि तिच्या कोटाचा पट्टा मुठीत धरून आई.

"डाव्या खांद्याला टाका सुटलाय."

"बरं."

"बाही खाली ओढलीयेस. कापड वाचवलंस ना?"

"वाचवलं."

"मला वाटलंच!"

वाट कड्याला चिकटून वळली तेव्हा आईची मूठ घट्ट झाली आणि बोलणं थांबलं. टाचणी थांबली, मागे न बघता म्हणाली, "कॉलर बघितलीस का?" मग मागून बारीक आवाज आला, "कॉलर वाकडी आहे," आणि पावलं पुन्हा सुरू झाली. दोन दिवसांची वाट त्यांना तीन दिवस लागली. वाटेतल्या जादा मुक्कामाचे पैसे टाचणीने बिनबोभाट मोजले. आईच्या लेखी कोटात एकही धड शिवण उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं वळण संपलं आणि समोर देवस्थान आलं. लहानसं, दगडी, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेलं. नवरा डोलीतून उतरला आणि आधी जमिनीला हात लावला. आईने आत जाऊन डोकं टेकलं, पण फार वेळ नाही. बाहेर आली, टाचणीच्या कोटाचा पट्टा सोडला आणि एकटीच अंगणाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. आणि तिने खाली पाहिलं. सगळी वाट, सगळी दरी, पार पायथ्याच्या छपरांपर्यंत.

टाचणी धावली. "आई! भीती नाही वाटत?"

"वाटतेय की," आई म्हणाली. तिने कठडा मुठींत आवळला होता आणि तोंडभर हसू होतं. "मेली वाटतेय अजून. पण बघतेय! बघ, मी बघतेय!"

टाचणीने आजवर इतके पडदे शिवले, पण उघडलेल्या खिडकीपाशी इतकं आनंदी माणूस तिने पाहिलं नव्हतं.

मुक्कामाच्या खोल्यांचा मॅनेजर किल्ल्या घेऊन मागे येऊन उभा होता. "एकच रात्र ना? सगळे उद्या उतरतात."

आई कठड्यापासून हलायचं नाव घेत नव्हती. धाग्याच्या रिळासाठी तीन दुकानं फिरणारी टाचणी म्हणाली, "चार रात्री."

"वरच्या खोलीचा दर जरा..."

"दर नका सांगू," टाचणी म्हणाली आणि आईशेजारी जाऊन उभी राहिली. "आमचं अजून बघून व्हायचंय."