वरकस नावाची जागा

"वरकस कोणाची गं?"

भिंतीवरच्या पडद्यावर माझा कोड होता. खोलीत सगळी टीम बसलेली. आमचा टीम लीड एरवी चहासुद्धा इंग्रजीत मागायचा. त्या दिवशी तो गावच्या बोलीत उतरला. मुद्दाम.

"बोल ना. कोणाची? कडावच्या वरच्या अंगाची समदी वरकस माझ्या आज्याची. तुमी ठाकरं तिथं गवत कापायला यायचा. आन् आता हितं मेमरीत जागा धरलीस काय?"

खोली हसली. ज्यांना वरकस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तेही हसले.

वरकस म्हणजे भाताला न चालणारी चढावरची जमीन. गवताची, नाचणीची. खालची भाताची खाचरं दरवर्षी चिखलून, सपाट करून नव्यानं लावतात. वरकसीला कोणी तसं हात लावत नाही. तिच्यावर जे उगवतं ते राहतं. मी घाटातली, ठाकुरवाडीची, ठाकर आदिवासी. माझे आईबाप दुसऱ्यांच्या वरकसीवर राबले. शब्द मला पुस्तकातून शोधावा लागला नाही.

खालापूरच्या त्या कंपनीत आम्ही कंट्रोलर बोर्ड बनवायचो. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनचे. बोर्डाची मेमरी म्हणजे ओळीनं मांडलेली घरं. कुठला आकडा कुठल्या घरात बसणार, हे एक फाइल ठरवते, लिंकर स्क्रिप्ट. आणि बोर्ड उठला की मुख्य काम सुरू व्हायच्या आधी एक छोटा कोड येतो आणि घरांचा एक मोठा पट्टा पुसून शून्य करतो. कालचं काही उरू नये म्हणून. बहुतेक आकड्यांना ते बरंच असतं.

सगळ्यांना नाही.

खालापुरात व्होल्टेज पडतं. दिवा क्षणभर मंद होतो, बोर्ड बसतो, म्हणजे बंद पडतो, आणि आपला आपण उठतो. उठला की प्रेस आपली जागा शोधायला एकदा खाली-वर फिरते. कोणी बटण न दाबता. म्हणून मी एक मोजणी ठेवली होती: बोर्ड आपोआप किती वेळा उठला. उठल्या उठल्या, पुसापुशीच्या आधीच ती एकनं वाढायची आणि मशीनच्या स्क्रीनवर दिसायची. तीनदा झालं की प्रेस अडायची, माणसानं येऊन चावी फिरवेपर्यंत हलायची नाही. ही मोजणी पुसल्या जाणाऱ्या पट्ट्यात ठेवली तर तिला अर्थच नाही. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये पट्ट्याबाहेर चार ओळींची वेगळी जागा राखली. बोर्ड आपोआप उठला तरी तिथलं तसंच राहणार. तिला नाव दिलं वरकस.

लीड म्हणाला, "कस्टमरची तक्रार आहे. मशीन सारखी अडते."

मी म्हणाले, "सर, ती जागा काढली तर मोजणी दरवेळी पुसली जाईल."

"जाऊ दे पुसली. तुमच्यात कोणाला एवढं लक्षात ठेवायची सवय हाय?"

पुन्हा हशा. त्यानं सगळ्यांसमोर त्या चार ओळी निवडल्या आणि उडवल्या. मोजणी खाली आली, बाकीच्यांच्या रांगेत. मशीन अडायची थांबली. कस्टमर खूश.

त्या कस्टमरच्या शेडमध्ये ठमाआत्या कामाला होती. आमच्याच वाडीची, आमच्या शेजारची. मी डिप्लोमाला गेले तेव्हा तिनं सगळ्या वाडीला सांगितलं होतं, "आमची पोर मशीनला अक्कल शिकवणार हाय."

तिच्या उजव्या हाताची बोटं त्या प्रेसखाली गेली. त्या प्रेसवर आमचाच बोर्ड होता.

मी खोपोलीच्या दवाखान्यात गेले. पांढऱ्या बोचक्यासारखा हात उशीवर ठेवलेला. रडत नव्हती.

"मी हात घातला तवा मशीन उभी व्हती गं," ती म्हणाली. "लाइट जरा गेल्यावानी झाली, आन् ती आपल्या मनानं उठली. सकाळपासून असंच करत व्हती. मी सुपरवायजरला बोलले पन. तो बोलला, स्क्रीनवर काय नाय." मग म्हणाली, "जी बोटं नाय ना, ती खाजतात."

हे वाक्य माझ्या मागं लागलंय. तांदूळ निवडताना येतं. कर्जतच्या पिठाच्या गिरणीत लाइट पडली आणि पट्टा पुन्हा फिरायला लागला, तर माझा हात माझ्याआधी मागं सरतो. गिरणीवाला विचारतो, "काय झालं गं ताई?"

मग चौकशी. प्रेसपुढंच भरली. कारखान्याचा मालक, त्याचा मॅनेजर, आमचा लीड. ठमाआत्याला बोलावलं नव्हतं. मला बोलावलं, कारण कोड माझा. लीड दारातच म्हणाला, "तू फक्त स्क्रीन वाचायची. बाकी मी बोलतो."

स्क्रीनवर लिहिलं होतं: आपोआप रीस्टार्ट, शून्य.

"वाच."

"शून्य."

"बघा," लीड मालकाकडं वळला. "मशीन एकदाही स्वतःहून उठलेली नाही. बाईचंच लक्ष नव्हतं. या लोकांचं असंच असतं."

मॅनेजरनं मान हलवली. ठमाआत्याचा हात तिथल्या तिथं पुसला जात होता, आणि त्यासाठी तो 'शून्य' शब्द माझ्या तोंडातून घेतला होता.

मी पुढं झाले. मॅनेजरला सांगून प्रेसची मोटर बंद केली. मग बोर्डाची वीज अर्ध्या क्षणासाठी तोडली. बोर्ड बसला, उठला. शून्य. पुन्हा तोडली. शून्य. पुन्हा. शून्य. मी तोडतच राहिले.

"आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत किती वेळा उठली?" मी विचारलं. "आणि स्क्रीन काय सांगते? हिला आठवायला मी जागा राखली होती. ती या माणसानं काढली. भर मीटिंगमध्ये. हसत."

लीड मालकापुढं इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मग माझ्याकडं वळला आणि त्याची खरी भाषा बाहेर आली. "आपल्या पायरीनं राहा गं."

मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'सर' म्हटलं नाही.

"कडावची वरकस तुमच्या आज्याची असेल," मी म्हणाले. "ही माझी होती. आणि शून्य म्हणून मी पुन्हा वाचणार नाही."

मालकानं चहा मागवला. चौकशी पुढं ढकलली. मला त्याच दिवशी कामावरून काढलं, कारण दिलं बेशिस्त. ठमाआत्याला अजून काही मिळालेलं नाही. लीड तिथंच आहे.

आणि तोच बोर्ड खालापूरच्या कितीतरी शेडमध्ये प्रेस चालवतोय. व्होल्टेज पडलं की उठतो, सगळं पुसतो, निर्दोष होतो.

मी आता पत्रक छापून शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर उभी असते. सिक्युरिटीवाला हाकलतो. मी रस्त्याच्या पलीकडं जाते, तिथून पत्रकं वाटते. पत्रकात फार काही नाही. लाइट मंद झाली की हात बाहेर. स्क्रीनवर शून्य दिसलं तर विश्वास ठेवू नका. आणि मालकाला विचारा, मशीनला लक्षात ठेवायची जागा कोणी काढली?

परवा त्या शेडच्या मॅनेजरनं गाडीची काच खाली केली. म्हणाला, तुझी जुनी कंपनी कोड बदलायचा विचार करतेय. जागा परत देतील. फक्त ते नाव नको, आणि गेटवरचं हे बंद कर.

मी पत्रक त्याच्या काचेतून आत टाकलं.

जागा परत घेणार. प्रत्येक बोर्डात. ठमाआत्याला साक्षीला बसवून चौकशी पुन्हा उभी करणार. आणि स्क्रिप्टमध्ये नाव तेच राहील. वरकस.